वाचकांचे प्रश्न: परदेशी विद्यापीठे आणि देशाची प्रतिमा

एखाद्या देशाची भाषा, इतिहास, समाज आणि राजकारण यांचा एकत्रित अभ्यास करणारे विभाग परदेशातील अनेक विद्यापीठांत असतात. त्यांच्या कामाला 'एरिया स्टडीज' किंवा क्षेत्र-अभ्यास म्हणतात. या अभ्यासामुळे त्या देशाची परदेशातील प्रतिमा कितपत घडते किंवा बिघडते, याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. आशय सारखा असलेली पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न: परदेशातील नामांकित विद्यापीठांत एखाद्या देशाविषयी जे शिकवले जाते, त्यावरून तिथले लोक त्या देशाविषयी मत बनवतात, असे वारंवार वाचनात येते. यात तथ्य किती? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर: सर्वसामान्य लोकमतापुरते बोलायचे, तर फारच थोडे. अमेरिकेतील गॅलप ही संस्था तिथल्या नागरिकांना अनेक दशके विचारत आली आहे की अमुक देशाविषयी तुमचे मत अनुकूल आहे की प्रतिकूल. १९८९ च्या आरंभी चीनविषयी अनुकूल मत असणाऱ्यांचे प्रमाण ७२ टक्के होते. जूनमध्ये थ्येनआनमन चौकातील आंदोलन लष्कराने चिरडले आणि ऑगस्टमध्ये पुन्हा विचारले, तेव्हा तेच प्रमाण ३४ टक्क्यांवर आले होते. मधल्या काही महिन्यांत कोणत्याही विद्यापीठाने चीनविषयक अभ्यासक्रम नव्याने लिहिलेला नव्हता. लोकांनी दूरचित्रवाणीवर रणगाडे पाहिले होते, एवढेच. पुढे २०१८ मध्ये ५३ टक्क्यांपर्यंत सावरलेला हा आकडा २०२३ मध्ये १५ टक्क्यांवर घसरला. या काळात चिनी भाषा उत्तम जाणणारे आणि चीनमध्ये प्रत्यक्ष राहून संशोधन केलेले प्राध्यापक अमेरिकेत पूर्वी कधी नव्हते इतके होते. अभ्यासकांची संख्या वाढली की देशाची प्रतिमा सुधारते, हे गृहीतक या एका उदाहरणानेच लंगडे पडते. अभ्यासक वाढल्यामुळे ती बिघडते, असेही अर्थात यावरून म्हणता येत नाही.

याहून जुना आणि माझ्या मते अधिक बोलका पुरावा हॅरॉल्ड आयझॅक्स यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सापडतो. त्यांनी १८१ अमेरिकनांच्या प्रदीर्घ मुलाखती घेऊन चीन आणि भारत यांविषयी त्यांच्या मनात काय आहे, याचा शोध घेतला. मुलाखत दिलेली मंडळी रस्त्यावरून उचललेली नव्हती. त्यांत प्राध्यापक, पत्रकार, सरकारी अधिकारी, उद्योजक आणि धर्मकार्याशी संबंधित माणसे होती, म्हणजे क्षेत्र-अभ्यासाचे लेखन ज्यांच्यापर्यंत पोहोचण्याची सर्वाधिक शक्यता तीच. तरीही या दोन देशांची नावे घेताच त्यांना आठवले ते लहानपणी वाचलेले किपलिंग, चर्चमध्ये ऐकलेल्या मिशनऱ्यांच्या हकिकती, चिनी शेतकरी कुटुंबावरची पर्ल बक यांची १९३१ ची कादंबरी आणि भारताची बदनामी करणारे कॅथरीन मेयो यांचे १९२७ चे पुस्तक. बक किंवा मेयो यांपैकी कोणीही विद्यापीठीय अर्थाने त्या देशाच्या अभ्यासक म्हणून लिहीत नव्हत्या.

असे असूनही मी 'फारच थोडे' म्हणालो, 'काहीच नाही' म्हणालो नाही. परराष्ट्र खात्यात त्या देशाचे काम पाहणारा अधिकारी, वृत्तपत्राचा विदेशविषयक संपादक, शालेय पाठ्यपुस्तकाचा लेखक, संग्रहालयातील दालनाची मांडणी ठरवणारा अभिरक्षक, आश्रय मागणाऱ्याच्या अर्जावर निर्णय देणारा न्यायाधीश, या मोजक्या लोकांचे क्षेत्र-अभ्यासावाचून अडते. एरवी त्यांची मते कोणी विचारत नाही. एखादा देश अचानक बातमीत आला, की त्यांनी विद्यार्थिदशेत वाचलेली दोन-चार पुस्तके आणि त्यांतील शब्द जाहीर चर्चेत उतरतात. विद्यापीठाचा प्रभाव शोधायचा, तर तो या मध्यस्थांच्या वर्तुळात शोधावा लागतो.

प्रश्न: प्रभाव इतका मर्यादित असेल, तर मोठी राष्ट्रे दुसऱ्या देशांच्या अभ्यासावर एवढा पैसा का खर्च करतात? (राज्यशास्त्राची एक विद्यार्थिनी)

उत्तर: कारण दुसऱ्याची प्रतिमा घडवणे हा त्या खर्चाचा हेतूच नव्हता. लंडनमधील प्राच्यविद्यांची संस्था १९१६ मध्ये स्थापन झाली ती प्रामुख्याने साम्राज्यातील अधिकारी आणि व्यापारी यांना भाषा शिकवण्यासाठी. अमेरिकेने उशिरा सुरुवात केली, पण शीतयुद्धाने तिला घाई करायला लावली. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला आणि त्याच्या पुढच्याच वर्षी अमेरिकेत राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा संमत झाला. त्याच्या सहाव्या प्रकरणाखाली विद्यापीठांतील परकीय भाषा आणि प्रदेश यांच्या अभ्यासकेंद्रांना सरकारी अनुदान मिळू लागले. कायद्याच्या नावातील 'संरक्षण' हा शब्द अपघाताने आलेला नाही. कोलंबिया विद्यापीठातील रशियाविषयक संस्था १९४६ ची आणि हार्वर्डमधील १९४८ ची. दोन्हींचा जन्म प्रतिस्पर्ध्याला ओळखण्याच्या गरजेतून झाला. त्या ओळखीलाही मर्यादा होत्या, हे १९९१ मध्ये दिसून आले, कारण सोव्हिएत संघ इतक्या लवकर कोसळेल असे या क्षेत्रातील फार थोड्यांना वाटले होते.

या इतिहासातील एक आडवळण मराठी वाचकांना रंजक वाटेल. अमेरिकेच्या १९५४ च्या 'पी. एल. ४८०' कायद्यान्वये भारताने जो गहू घेतला, त्याची किंमत रुपयांत जमा होत असे आणि ते रुपये अमेरिकेला भारतातच खर्च करावे लागत. त्यातील काही रकमेतून १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसने भारतीय भाषांतील पुस्तके मोठ्या प्रमाणावर विकत घेऊन अमेरिकेतील निवडक विद्यापीठांच्या ग्रंथालयांना पाठवायला सुरुवात केली. तिथल्या दक्षिण आशिया विभागांत भारतीय भाषांतील पुस्तकांची जी कपाटे उभी राहिली, त्यांमागे धान्याचा हा व्यवहार आहे. कोणालाही भारताची प्रतिमा उजळायची नव्हती. पडून असलेल्या पैशाचा उपयोग शोधला गेला आणि त्यातून पुढच्या पिढ्यांच्या संशोधनाचा कच्चा माल तयार झाला.

प्रश्न: अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील युरोपीय संस्कृतज्ञांनी भारताची जी प्रतिमा तयार केली, ती आजही टिकून आहे असे वाटते. मग विद्वानांचा प्रभाव कमी कसा म्हणता येईल? (एक ग्रंथपाल)

उत्तर: आक्षेप रास्त आहे. पहिल्या उत्तरातील विधानाला मुरड घालावी लागेल असे हे सर्वांत बळकट उदाहरण आहे. विल्यम जोन्स यांनी १७८४ मध्ये कोलकात्यात एशियाटिक सोसायटी स्थापन केली. चार्ल्स विल्किन्स यांचे भगवद्गीतेचे इंग्रजी भाषांतर १७८५ चे आणि जोन्स यांचे शाकुंतलाचे १७८९ चे. दोनच वर्षांत शाकुंतल जर्मनमध्ये आले आणि जर्मन कवी गटेने त्याच्यावर स्तुतिपर ओळी लिहिल्या. गीता अटलांटिक ओलांडून इमर्सन आणि थोरो या अमेरिकी लेखकांपर्यंत पोहोचली. १८९३ मध्ये स्वामी विवेकानंद शिकागोच्या व्यासपीठावर उभे राहिले, तेव्हा सभागृहातील काही श्रोत्यांच्या मनात भारतीय तत्त्वज्ञानाविषयीचे कुतूहल आधीच रुजलेले होते. या सगळ्या साखळीत विद्वानांचा वाटा नाकारणे अशक्य आहे.

मात्र साखळीचे स्वरूप नीट पाहावे. ग्रंथ निवडले गेले ते मुख्यतः प्राचीन, संस्कृत आणि धार्मिक किंवा काव्यात्म. त्यामुळे युरोपला भेटलेला भारत ऋषींचा, आश्रमांचा आणि गूढ चिंतनाचा होता. व्यापारी, शेतकरी, कारागीर, न्यायनिवाडा, हिशेबाच्या वह्या, समकालीन प्रांतिक भाषा यांना त्या चित्रात जागा मिळाली नाही. माक्स म्युलर यांनी आयुष्यभर वेदांवर काम केले, १८८२ मध्ये केंब्रिजला भारताविषयी गौरवपर व्याख्याने दिली आणि भारतात पाऊल मात्र कधीच ठेवले नाही. या निवडीतून जे कौतुक निर्माण झाले, त्याच्याच आधाराने पुढे असेही म्हटले गेले की हे लोक परलोकाच्या चिंतनात रमलेले असल्याने इहलोकीचा कारभार त्यांना जमणार नाही. स्तुती आणि उपेक्षा दोन्ही एकाच साठ्यातून निघाल्या, आणि ज्या विद्वानांनी तो साठा जमवला त्यांचे पुढच्या वापरावर नियंत्रण उरले नाही.

यावरून माझे मत असे बनले आहे की विद्वान परदेशात एखाद्या देशाविषयी आवड किंवा नावड फारशी निर्माण करत नाहीत. त्या देशातील कोणता भाग दिसेल आणि कोणता झाकला जाईल, हे ते ठरवतात. परिणाम दिसायला एक-दोन पिढ्या जातात आणि तो बहुतेक वेळा भाषांतर व पाठ्यपुस्तक या दोन वाटांनीच होतो. पुढच्या काही उत्तरांत हेच सूत्र पुन्हा येईल.

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धात जपान अमेरिकेचा कट्टर शत्रू होता; वीस-पंचवीस वर्षांत तोच देश कलासक्त आणि सुसंस्कृत म्हणून ओळखला जाऊ लागला. हे जपानविषयक अभ्यासकांचे कर्तृत्व मानावे का? (तीन वाचकांचे एकत्रित प्रश्न)

उत्तर: अंशतः मानावे, आणि कोणता अंश ते सांगणे महत्त्वाचे आहे.

सुरुवात रूथ बेनेडिक्ट या मानववंशशास्त्रज्ञेपासून होते. १९४४ मध्ये अमेरिकेच्या युद्ध माहिती कार्यालयाने त्यांच्याकडे जपानी समाजाचा अभ्यास सोपवला. युद्ध चालू असल्याने जपानला जाणे शक्य नव्हते. त्यांनी अमेरिकेतील जपानी वंशाच्या लोकांशी बोलून, चित्रपट पाहून आणि उपलब्ध साहित्य वाचून निष्कर्ष काढले. १९४६ मध्ये त्यांचे 'द क्रिसँथेमम अँड द सोर्ड' प्रसिद्ध झाले. उंटावरून शेळ्या हाकल्याची टीका त्यांच्यावर झाली आणि तीत तथ्यही आहे. तरी लज्जेवर आधारलेली संस्कृती आणि अपराधभावावर आधारलेली संस्कृती ही त्यांची विभागणी अमेरिकेतील सुशिक्षितांच्या बोलण्यात कायमची रुजली. त्याहून चमत्कारिक गोष्ट जपानमध्ये घडली. १९४८ मध्ये जपानी भाषांतर निघाले आणि काळाच्या ओघात त्याच्या २० लाखांहून अधिक प्रती खपल्या. बाहेरच्या अभ्यासिकेने काढलेले चित्र मान्य करण्यासाठी, खोडून काढण्यासाठी, पण मुख्यतः स्वतःविषयी बोलण्यासाठी जपानी वाचकांनी ते पुस्तक वापरले. क्षेत्र-अभ्यासाचा परिणाम केवळ परदेशातील प्रतिमेवर होतो असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

दुसरा धागा नौदलाच्या भाषाशाळेचा. युद्धकाळात अमेरिकी नौदलाने शेकडो तरुणांना जपानी शिकवले ते पकडलेली कागदपत्रे वाचण्यासाठी आणि युद्धकैद्यांशी बोलण्यासाठी. त्यांतील डोनाल्ड कीन आणि एडवर्ड सायडेनस्टिकर हे पुढे जपानी साहित्याचे प्राध्यापक आणि भाषांतरकार झाले. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून न्यूयॉर्कच्या क्नॉफ या प्रकाशनसंस्थेने तानिझाकी, कावाबाता आणि मिशिमा यांच्या कादंबऱ्यांची भाषांतरे काढायला सुरुवात केली. १९६८ मध्ये यासुनारी कावाबातांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा त्याचा अर्धा मान सायडेनस्टिकर यांचा आहे, असे खुद्द कावाबाता म्हणाले. यात विनय किती हा प्रश्न गौण आहे, कारण पारितोषिक देणारी समिती त्यांची पुस्तके भाषांतरांतूनच वाचत होती.

तिसरा धागा सत्तेच्या अगदी जवळचा. टोकियोत मिशनरी कुटुंबात जन्मलेले आणि हार्वर्डमध्ये जपानचा इतिहास शिकवणारे एडविन रायशॉर यांनी १९६० मध्ये एक लेख लिहिला. अमेरिकेशी झालेल्या सुरक्षा कराराविरुद्ध जपानमध्ये उसळलेले प्रचंड आंदोलन हा त्याचा विषय होता. जपानमधील विरोधी पक्ष आणि विचारवंत यांच्याशी अमेरिकेचा संवादच तुटला आहे, हे त्यांनी त्यात स्पष्टपणे सांगितले. पुढच्याच वर्षी केनेडी यांनी त्यांना जपानमध्ये राजदूत नेमले आणि १९६६ पर्यंत ते त्या पदावर राहिले. प्राध्यापकाचा शब्द धोरणापर्यंत इतक्या थेट वाटेने पोहोचल्याची उदाहरणे विरळा.

आता दुसरी बाजू. प्रकाशकांनी निवडलेल्या कादंबऱ्यांतून एक हळुवार, उदास, सौंदर्यात बुडालेला जपान इंग्रजी वाचकांना भेटला. जपानी साहित्यातील विनोद, कामगारांचे लेखन, राजकीय बंडखोरी यांना त्या मानाने फार कमी जागा मिळाली. युद्धातील क्रौर्य विसरून नव्या मित्रराष्ट्राकडे पाहू इच्छिणाऱ्या अमेरिकेला हा जपान सोयीचा होता. तो स्वीकारला गेला याचे श्रेय शीतयुद्धातील आघाडीला जास्त आणि भाषांतरकारांना कमी द्यावे लागेल. त्यांनी चित्र पुरवले. ते भिंतीवर लावण्याची इच्छा आधीच तयार होती.

हे इतक्या ठामपणे म्हणण्याचे कारण १९८० च्या दशकात मिळते. जपानी मोटारी आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू यांमुळे अमेरिकेत असंतोष वाढला, तेव्हा जपानविषयक अभ्यास तिथे भरभराटीला होता. तरीही १९८२ मध्ये डेट्रॉइटजवळ व्हिन्सेंट चिन या चिनी वंशाच्या तरुणाला मोटार उद्योगाशी संबंधित दोघांनी मारहाण करून ठार केले. ते त्याला जपानी समजले, असे मानले जाते. १९८७ मध्ये अमेरिकी संसदेच्या काही सदस्यांनी संसदभवनासमोर तोशिबाचा रेडिओ हातोड्यांनी फोडला आणि त्याची छायाचित्रे जगभर गेली. विद्यापीठांतील नोह या पारंपरिक जपानी नाट्यावरच्या व्याख्यानांचा त्या दिवशी काहीही उपयोग नव्हता.

प्रश्न: मग देशांनी स्वतःच परदेशी विद्यापीठांत अध्यासने आणि संस्था उभारल्या तर फायदा होतो का? (एक सनदी अधिकारी)

उत्तर: होतो, परंतु पैसे देताना फायदा कशाला म्हणायचे हे ठरवले नाही, तर पदरी निराशा येते. जपानने १९७२ मध्ये जपान फाउंडेशन स्थापन केले आणि पुढच्याच वर्षी, काकुएइ तानाका पंतप्रधान असताना, अमेरिकेतील १० विद्यापीठांना प्रत्येकी १० लाख डॉलर जपानविषयक अभ्यासासाठी दिले. ही रक्कम निधी म्हणून गुंतवून तिच्या उत्पन्नावर विभाग चालवायचे होते. काय शिकवायचे आणि कोणाला नेमायचे हा निर्णय विद्यापीठांचा राहिला. त्या पैशातून जपानच्या युद्धगुन्ह्यांवर संशोधन करणारेही शिकून बाहेर पडू शकत होते, आणि माझ्या मते या योजनेचे बळ तिथेच होते. चांगले बोलण्याची अट नसल्यामुळे त्या विभागांच्या शब्दाला किंमत राहिली.

याच्या उलट चीनने २००४ मध्ये सोलपासून सुरू केलेल्या कन्फ्यूशियस संस्था थेट यजमान विद्यापीठांच्या आवारात बसवल्या आणि शिक्षक व अभ्याससाहित्य यांवर बीजिंगमधील सरकारी कार्यालयाचा हात ठेवला. दहा-बारा वर्षांत जगभर त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. पण तैवान, तिबेट, थ्येनआनमन या विषयांवर तिथे मोकळेपणाने बोलता येते का, असा प्रश्न प्राध्यापकच विचारू लागले. शिकागो विद्यापीठाने २०१४ मध्ये करार पुढे चालू ठेवला नाही. २०१८ मध्ये अमेरिकी संसदेने अशा संस्था असलेल्या विद्यापीठांच्या संरक्षण खात्याकडून मिळणाऱ्या चिनी भाषेच्या अनुदानावर निर्बंध आणले आणि एकेकाळी तिथे शंभराच्या आसपास असलेल्या संस्था २०२३ पर्यंत पाचापेक्षाही कमी उरल्या. भाषेचे वर्ग बहुतेक ठिकाणी निरुपद्रवीच होते, हे नमूद करायला हवे. तरीही संस्थेची मालकी हाच बातमीचा विषय झाला आणि ज्या प्रतिमेसाठी खर्च केला तिलाच त्याचा फटका बसला.

भारताची सांस्कृतिक संबंध परिषद १९५० पासून कार्यरत आहे आणि परदेशी विद्यापीठांत ठरावीक मुदतीसाठी भारतीय प्राध्यापक पाठवते. या पद्धतीत पाहुणा प्राध्यापक परतला की त्याच्याबरोबर विषयही परततो. ग्रंथालय, शिष्यवृत्ती आणि कायमस्वरूपी भाषाशिक्षक या तिन्ही गोष्टी मागे राहिल्याशिवाय अभ्यास रुजत नाही, हे मत मी संकोच न करता मांडतो.

प्रश्न: दक्षिण कोरियाच्या बाबतीत विद्यापीठांनी काय केले? (दोन महाविद्यालयीन विद्यार्थी)

उत्तर: तिथे क्रम उलटा दिसतो. कोरिया फाउंडेशन १९९१ पासून परदेशी विद्यापीठांना साहाय्य करते आहे हे खरे. पण विद्यार्थ्यांची खरी रीघ लागली ती संगीत आणि मालिका लोकप्रिय झाल्यावर. अमेरिकेतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या गणनेनुसार २०१६ ते २०२१ या काळात तिथल्या महाविद्यालयांतील परकीय भाषांच्या एकूण विद्यार्थिसंख्येत १६.६ टक्के घट झाली, आणि त्याच काळात कोरियन शिकणारे ३८.३ टक्क्यांनी वाढले. आधी देश आवडू लागला, मग त्याची भाषा शिकणारे वर्गात आले, मग विभागांनी शिक्षक मागितले. प्रतिमा आणि अभ्यास यांत कार्यकारणभाव शोधताना अभ्यास हेच कारण असे धरून चालू नये, यासाठी हे एक उदाहरण पुरे.

प्रश्न: परदेशी प्राध्यापक मुद्दाम एखाद्या देशातील विषमता, जातिभेद, हिंसा यांवरच लिहितात आणि देशाची बदनामी करतात. यावर आपले मत काय? (या आशयाची बरीच पत्रे आली आहेत)

उत्तर: पूर्वग्रह असू शकतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पॅलेस्टिनी-अमेरिकी विचारवंत एडवर्ड सैद यांनी १९७८ मध्ये मांडले की पूर्वेविषयीचे पाश्चात्त्य ज्ञान आणि पूर्वेवरील पाश्चात्त्य सत्ता यांची जडणघडण एकमेकांच्या आधाराने झाली. त्यांचा रोख प्रामुख्याने पश्चिम आशियाविषयीच्या लेखनावर होता आणि त्यांच्या अनेक तपशिलांवर जाणकारांनी आक्षेप घेतले. पण अभ्यासकाला प्रश्न विचारण्याचा हक्क ज्याचा अभ्यास होतो त्यालाही आहे, ही गोष्ट त्यानंतर कोणाला टाळता आली नाही. १९६५ मध्ये अमेरिकी लष्कराने विद्यापीठीय समाजशास्त्रज्ञांच्या मदतीने परदेशांतील बंडाळ्यांची कारणे शोधण्यासाठी आखलेला 'कॅमलॉट' प्रकल्प चिलीमध्ये उघडकीला आला आणि गदारोळ होऊन रद्द करावा लागला. संशय निराधार नसतो, हे सांगायला तेवढे पुरेसे आहे.

पण आरोपाचा दुसरा भाग मला पटत नाही. अभ्यासकांनी परक्या देशाची बाजू घेतली म्हणून त्यांच्याच देशात त्यांना छळले गेल्याचाही इतिहास आहे. चीनमध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले, तेव्हा 'चीन गमावला कोणी' असा प्रश्न अमेरिकेत विचारला गेला आणि १९५० मध्ये सिनेटर मॅकार्थी यांनी मध्य आशिया व चीनचे जाणकार ओवेन लॅटिमोर यांच्यावर सोव्हिएत हेर असल्याचा आरोप केला. आरोप सिद्ध झाला नाही. मात्र नवे लोक तोंड उघडायला घाबरू लागले आणि अमेरिकेचे चीनविषयीचे ज्ञान त्यामुळे काही वर्षे मागे पडले.

शिवाय बदनामी कोणाची, हेही तपासावे. एलिनॉर झेलियट यांनी १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात डॉ. आंबेडकर आणि महार समाजाची चळवळ या विषयावर प्रबंध सादर केला, त्या वेळी परदेशातील भारतविषयक लेखन बहुतांशी गांधी, नेहरू आणि प्राचीन तत्त्वज्ञान यांच्याभोवती फिरत होते. त्यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांच्या कामामुळे दलित साहित्य आणि आंबेडकरी विचार तिथल्या अभ्यासक्रमांत आले. काही जणांना यात देशाच्या उणिवांची जाहिरात दिसेल. ज्यांचा आवाज आधीच्या चित्रात नव्हता, त्यांना त्याच कामात देशाची प्रतिमा अधिक खरी झालेली दिसेल. देशाची प्रतिमा म्हणजे देशातील कोणाची, हा प्रश्न टाळून प्रशंसा आणि बदनामी यांचा हिशेब मांडता येत नाही.

एक व्यावहारिक निरीक्षणही नोंदवतो. विद्यापीठीय ग्रंथ बहुधा काही हजारांच्या पलीकडे वाचले जात नाहीत. त्यांच्यावर बंदीची मागणी झाली की त्यांचे नाव सर्वतोमुखी होते. वेंडी डोनिगर यांचे हिंदू परंपरेविषयीचे २००९ चे पुस्तक २०१४ मध्ये प्रकाशकाने न्यायालयीन तडजोडीनंतर भारतात मागे घेतले, आणि त्याबरोबर ते परदेशातील विक्रीच्या याद्यांत झपाट्याने वर चढले. मजकुराशी मतभेद असतील, तर त्यांवर तितक्याच अभ्यासपूर्ण परीक्षणाने उत्तर देता येते आणि त्याच विषयावरची परीक्षणे त्याच नियतकालिकांत छापलीही जातात.

प्रश्न: पदव्युत्तर प्रबंधासाठी मी हाच विषय घेऊ इच्छिते. क्षेत्र-अभ्यासाचा प्रतिमेवरील परिणाम मोजायचा कसा? (एक संशोधक विद्यार्थिनी)

उत्तर: लोकमत पाहण्यांच्या आकड्यांपासून सुरुवात करू नका. युद्ध, व्यापार, एखादी साथ किंवा एखादा गायक यांमुळे ते इतके हलतात की विद्यापीठाचा सूक्ष्म परिणाम त्यांत शोधणे व्यर्थ ठरेल. त्याऐवजी एकच देश आणि एकच मध्यस्थ निवडा. शालेय पाठ्यपुस्तके हे साधन मला सर्वांत उपयुक्त वाटते, कारण त्यांच्या आवृत्त्या जपलेल्या असतात आणि तुलना करता येते. अमेरिकेतील एशिया सोसायटीने १९७६ मध्ये तिथल्या पाठ्यपुस्तकांतील आशियाच्या चित्रणाचे परीक्षण प्रसिद्ध केले होते. पश्चिमेच्या प्रगतीची फूटपट्टी लावून आशियाला मोजण्याची प्रवृत्ती त्यात दाखवून दिली होती. त्याच देशाविषयीची नंतरच्या दशकांतील पाठ्यपुस्तके घेऊन, कोणती नवी नावे, संकल्पना आणि उतारे आले आणि ते विद्यापीठीय लेखनात किती वर्षे आधी आले होते, याची नोंद करा. त्या कालांतराचा अंदाज आला, तर तुमच्या हाती काही ठोस येईल.

भाषांतरांची यादी ही दुसरी वाट. एखाद्या भाषेतून इंग्रजीत कोणती पुस्तके आली, भाषांतरकार कुठे शिकले, त्यांना शिष्यवृत्ती कोणी दिली, प्रकाशक विद्यापीठाचा होता की व्यावसायिक, एवढे चार रकाने भरले तरी कोणता देश दाखवला गेला ते स्पष्ट होते. या यादीत जे आले नाही, त्याचीही स्वतंत्र यादी करा. ती तयार करणे अधिक कष्टाचे आहे, कारण तिच्यासाठी मूळ भाषेतील साहित्याची चांगली जाण हवी. त्या भाषेत वाढलेल्या संशोधकाला परदेशी अभ्यासकापेक्षा तेच काम अधिक चांगले जमेल. वृत्तपत्रांतील तज्ज्ञांच्या अवतरणांची मोजणीही करता येईल, पण ती सर्वांत शेवटी ठेवा आणि संकटाचे महिने व शांततेचे महिने वेगळे मोजा, नाहीतर एकाच आठवड्यातील शंभर अवतरणे साऱ्या दशकाचे चित्र बिघडवतील.